हौदातले मासे पळवतंय कोण? टेरेस-अंगणातल्या तळ्यांची राखण कशी करायची

तळ्यातले मासे कमी व्हायला लागले की पहिला आळ येतो सोसायटीच्या मांजरांवर, दुसरा खाली खेळणाऱ्या पोरांवर, आणि खरा चोर समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर बसून हे सगळं निवांत बघत असतो. मुंबईत हल्ली बरेच जण छोटं तळं करतात, कुणी टेरेसवर सिमेंटचा हौद बांधतं, कुणी अर्धी कापलेली सिंटेक्सची टाकी अंगणात पुरतं, कुणी फायबरचा टब आणतं, मग कुर्ल्याहून नाहीतर क्रॉफर्ड मार्केटातून गोल्डफिश, कोई, मोली आणून सोडायचे, आठ-पंधरा दिवस सगळं घर खुश, आणि मग एका सकाळी मोजायला जावं तर दोन कमी.

त्यानंतर लोक काय करतात तर ऑनलाइन बघून प्लास्टिकचं घुबड मागवतात, चमकणाऱ्या रिबिनी बांधतात, जुन्या सीडी टांगतात. माझं सरळ मत आहे की हे पैसे पाण्यात. आधी कोण येतंय ते शोधा, मग पाण्याची खोली आणि वरची जाळी ह्या दोन गोष्टींवर खर्च करा, बाकी सगळी चिल्लर आहे. ती चिल्लर पण खाली सांगतो, पण त्या क्रमानेच घ्या.

आणि मुंबईत हा नुसता हौसेचा प्रश्न नाही बरं का. मासे संपले की तेच पाणी डासांचं होतं. अंड्यातून डास बाहेर पडायला आपल्याकडच्या उकाड्यात साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि पालिकेचा कीटकनाशक विभागाचा माणूस टॉर्च घेऊन टेरेसवर आला आणि त्याला वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की नोटीस ठरलेली. महापालिका स्वतः डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडते ते ह्यासाठीच. त्यामुळे महागडे कोई ठेवा नाहीतर ठेवू नका, पण मूठभर गप्पी मात्र कायम जिवंत राहिले पाहिजेत.

चोर ओळखायचा कसा

मासा कसा गायब झालाय त्यावरून निम्मं कळतं. अजिबात काही मागे न ठेवता, खवला नाही की रक्त नाही, मासा गायब झाला तर पक्षी समजायचा, कारण बगळा आणि खंड्या मासा अख्खा गिळतात. काठावर पांढऱ्या शिटेचे फराटे असतील तर मग शंकाच नको. काठावर खवले पडलेत, अर्धवट खाल्लेला मासा आहे, कुंडी लवंडलीये, तर मांजर किंवा घूस. मासा आहे पण पाठीवर खोल भोक किंवा चिरल्यासारखी जखम आहे तर बगळ्याचा नेम हुकलेला असतो. आणि फक्त छोटी पिल्लं रोज थोडी थोडी कमी होतायत, मोठे सगळे जागेवर आहेत, तर चोर पाण्याच्या आतच आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

अजून एक खूण म्हणजे माशांचं वागणं. रोज तुमची सावली बघून वर येणारे मासे अचानक तळाला चिकटून बसले, खाणं टाकलं तरी वर येईनात, तर कुणीतरी येऊन गेलंय. मासे उगाच घाबरत नाहीत. (पाणी खराब झालं तर मासे उलट वर येऊन तोंड उघडून श्वास घेतात, दोन्हीत गल्लत करू नका.)

रात्री कोण येतं ते बघायला सगळ्यात स्वस्त उपाय रांगोळी. झोपण्याआधी हौदाच्या कडेने रांगोळीचा पातळ थर भुरभुरवायचा, काठाच्या बाहेरच्या बाजूला, पाण्यात जाईल अशी नाही. सकाळी मांजराचे गोल पंजे, घुशीचे बारीक पाय आणि मधे ओढलेली शेपटीची रेघ, बगळ्याची लांब तीन बोटं पुढे नि एक मागे, सगळं अगदी स्पष्ट उमटतं. पावसाळ्यात हे जमत नाही, तेव्हा जुना मोबाईल काढा, त्यात कॅमेऱ्याचं एखादं फुकटचं ॲप टाका आणि खिडकीत लावून ठेवा.

बगळा, म्हणजे मुंबईतला एक नंबरचा गुन्हेगार

बगळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे पांढराशुभ्र पक्षी येतो. हौदावर येणारा तो नाही. तो ढोकरी, कुणी वंचक म्हणतं, जेमतेम दीड फुटाचा, पाठ मातकट तपकिरी, गळ्यावर रेघा, आणि बसतो कसा तर मान पूर्ण खांद्यात घालून, बस स्टॉपवर बेस्टची वाट बघून कंटाळलेल्या पेन्शनर काकांसारखा. इतका मातकट की कुंड्यांच्या मधे उभा असला तर दोन हातांवरून पण दिसत नाही, आणि तुम्ही जवळ गेलात की एकदम पांढरे पंख उघडून उडतो, तेव्हा कळतं की अरे हा इथेच होता. तो तासभर सुद्धा हलत नाही. पाण्याच्या कडेला उभा राहतो, मान इंच-इंच पुढे सरकवतो, आणि मग काय झालं ते दिसतसुद्धा नाही, फक्त गळ्यातून एक फुगवटा खाली सरकताना दिसतो.

ह्याचा जोर पावसाळ्यात वाढतो कारण तेव्हा ह्यांची वीण असते. पाठ तेव्हा छान लालसर मरून होते, आणि सोसायटीच्या पर्जन्यवृक्षावर, आंब्यावर काड्यांची घरटी करून चार तोंडं भरायची असतात. पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी, ह्या दोन वेळा पक्क्या. अंधार पडल्यावर त्याचा भाऊबंद रातबगळा ड्युटीवर येतो, हा जरा मोठा, पाठ काळी, डोळे लालभडक, उडताना 'क्वॉक' असा एकच घोगरा आवाज काढतो. रात्री साडेआठ-नऊला डोक्यावरून तो आवाज गेला तर जाऊन हौद बघून या. आणि हौदाला शोभेचे लाइट लावले असतील तर रात्री बंद करा, उजेडात मासे गोळा होतात आणि रातबगळ्याला आयतं ताट वाढल्यासारखं होतं.

आता मुद्द्याचं. बगळा सहसा बदकासारखा पाण्यावर उतरून पोहत नाही, तो काठावर उतरतो आणि पायाने चालत उथळ पाण्यात जातो, त्यामुळे त्याला उभं राहायला जागाच ठेवायची नाही हा पहिला नियम. हौदाच्या भिंती सरळ खाली गेलेल्या हव्यात, उताराच्या नकोत. पाणी कमीत कमी दोन फूट, कोई असतील तर तीनच्या पुढे. पुष्कळ जण हौदाच्या आत कमळाच्या कुंड्या ठेवायला पायरी करतात, दिसायला मस्त दिसते, पण ती पायरी म्हणजे बगळ्यासाठी बांधलेला ओटाच. पायरी ठेवायचीच असेल तर ती पूर्ण कुंड्यांनी भरून टाका, मधे पाय ठेवायला फट नको. आणि पाण्याची पातळी काठापासून आठ-दहा इंच खाली ठेवा, म्हणजे काठावरून वाकून चोच पोचत नाही. मांजराला पण हेच लागू, पंजा पोचत नाही.

टेरेसवाल्यांनी इथे थांबून नीट वाचा. एक चौरस मीटर जागेत दोन फूट पाणी म्हणजे साधारण ६०० किलो, त्यात हौदाचं सिमेंट-विटांचं वजन वेगळं. गच्चीचा स्लॅब साधारणपणे ह्याच्या आसपास पण वजन धरून डिझाइन केलेला नसतो. त्यामुळे बगळा येतो म्हणून हौद खोल करायचा आणि खालच्याच्या बेडरूममधे चिरा पाडायच्या असं नको. टेरेसवर उथळ टबच ठेवा, खोली विसरा, आणि सगळा भर जाळीवर द्या. खोल करायचंच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय आणि सोसायटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय हात घालू नका.

जाळी: इथे कंजूसपणा नको

जाळी सगळेच लावतात आणि दहातले आठ जण चुकीची लावतात. बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी उरलेली असते, तीच हौदावर अंथरतात, चार कोपऱ्यांना विटा ठेवतात, झालं. मग काय होतं की जाळी मधे झोळ पडून पाण्याला टेकते, बगळा आरामात तिच्यावर येऊन उभा राहतो आणि भोकातून चोच घालून मासे टिपतो, वर त्याचे पाय अडकले तर तो पण मरतो. पावसाळ्यात साप अडकतो. सैल नायलॉन जाळीत अडकलेला साप जितका सुटायला बघतो तितके दोरे खवल्यांखाली रुततात, आणि मग सर्पमित्राला कात्री घेऊन तासभर बसावं लागतं. हे सगळं टाळायचं असेल तर जाळी ताठ पाहिजे, फ्रेमवर पाहिजे आणि पाण्यापासून वर पाहिजे.

करायचं असं. हौदाच्या मापाची फ्रेम बनवून घ्या, पाऊण इंची पीव्हीसी पाइप आणि एल्बो वापरून घरी पण होते, जरा मोठा हौद असेल तर ॲल्युमिनियम सेक्शनचं काम करणाऱ्याकडून करून घ्या, तो खिडकीच्या जाळीची फ्रेम करतो तशीच ही. लोखंडी अँगल नको, आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंज धरतो. फ्रेमवर एक इंची भोकाची जाळी घ्या. दोन इंची जाळीतून ढोकरीची चोच-मान जाते आणि छोटा खंड्या तर अख्खा आत शिरतो. सगळ्यात टिकाऊ म्हणजे वेल्डमेश (तारा वेल्ड केलेली जाळी), पण ती प्लास्टिक कोटिंगवाली घ्या, साध्या जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या) जाळीवरून पावसाचं पाणी ठिबकून जस्त हौदात उतरतं आणि छोट्या हौदातल्या माशांना जस्त बाधतं. नायलॉन किंवा एचडीपीई (प्लास्टिकची) जाळीच लावायची असेल तर ती फ्रेमवर इतकी ताणून बांधा की बोटाने टिचकी मारली तर ताडकन परत आली पाहिजे. रंग काळा घ्या, काळ्या जाळीतून आरपार दिसतं, हिरव्या-पांढऱ्यातून फक्त जाळीच दिसते.

उंची पाण्यापासून किमान एक फूट. म्हणजे वर बसून चोच घातली तरी मासा लांब राहतो. फ्रेम आणि काठ ह्यांच्या मधली फट एक इंचाहून कमी, कारण मांजर डोकं जाईल तिथून अख्खं जातं आणि घुशीला तर तेवढंही लागत नाही. फ्रेम एकसंध नको, दोन भागांत करा आणि बिजागऱ्या लावा, नाहीतर सफाईच्या वेळी अख्खं धूड उचलायचा कंटाळा येतो, मग जाळी काढून बाजूला ठेवली जाते ती आठ दिवस तिथेच, आणि बगळ्याला तेवढे दिवस पुरतात. मधोमध जरा उंच, घराच्या छपरासारखा उतार दिलात तर पर्जन्यवृक्षाची बारीक पानं आपोआप कडेला घसरतात. सपाट जाळीवर पावसाळ्यात पानांचा चिखल साठतो, तो पाणी धरून बसतो आणि त्या वजनाने जाळी खाली येते.

जाळीने शोभा जाते असं घरच्यांचं म्हणणं असेल (असतंच), तर मधली वाट पण आहे. हौदाचा निम्मा भाग जाळीखाली ठेवा आणि उरलेला उघडा, माशांना धोका दिसला की ते पळून जाळीखाली जातात. शंभर टक्के नाही, पण बरंच चालतं, फक्त खायला नेहमी जाळीखालीच टाकायचं, म्हणजे त्यांची बैठक तिथेच होते.

काठाला दोरी बांधायचा उपाय पण लोक सांगतात, काठापासून जरा बाहेर खुंट्या ठोकून जमिनीपासून सहा इंचावर आणि एक फुटावर अशा दोन दोऱ्या, चालत येणारा बगळा त्याला अडखळतो. अंगणातल्या तळ्याला हे चालतं. टेरेसवर तो थेट कठड्यावर उतरतो, तिथे उपयोग शून्य. आणि कृपा करून ही दोरी बारीक पारदर्शक तंगूसची घेऊ नका, संक्रांतीनंतर मांजात अडकलेले पक्षी बघतो ना आपण दरवर्षी, तेच होतं. सुतळीएवढी जाड, दिसणारी, ताणलेली दोरी.

खंड्या आणि कावळा

खंड्या म्हणजे तो निळ्या पाठीचा, चॉकलेटी डोक्याचा, छातीवर पांढरा, लाल जाड चोचीचा. मुंबईत सगळीकडे आहे, तो किडे, पाली, बेडूक सगळं खातो, मासा मिळाला तर सोन्याहून पिवळं. तो बगळ्यासारखा चालत येत नाही, वरून सूर मारतो, त्यामुळे काठाची दोरी, सरळ भिंती ह्यांचा त्याच्यावर परिणाम नाही. त्याला लागते बसायला जागा, अगदी हौदाच्या डोक्यावर. कपडे वाळत घालायची दोरी, केबलवाल्याची वायर, शेवग्याची फांदी, ह्यातलं जे हलवता येईल ते हलवा. आणि पाणी हलतं ठेवा, छोटा कारंजा किंवा एअर पंपचा दगड लावला की पृष्ठभागावर तरंग राहतात, वरून मासा नीट दिसत नाही आणि माशांना ऑक्सिजन पण मिळतो. हा उपाय बगळ्यालाही थोडा लागू पडतो. बाहेरच्या पंपाची वायर मात्र ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावलेल्या पॉइंटवरूनच घ्या, पाणी आणि करंट, जास्त बोलायला नको.

कावळ्याचं प्रकरण वेगळं. तो मासे खातो, उथळ टबातले गप्पी टिपतो, पण त्याहून जास्त त्रास त्याच्या दुसऱ्या सवयीचा आहे. वडापावच्या गाडीवरून उचललेला कडक पाव तो तुमच्या टबात आणून बुडवतो, एका बाजूने धरून दोनदा हलवतो, मऊ झाला की अर्धा खातो आणि अर्धा तिथेच सोडतो. पाव तर सोडाच, बोंबलाचं डोकं, कोंबडीचं हाड, मेलेल्या उंदराचा तुकडा, काहीही आणतो. छोट्या टबात हे कुजलं की दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ आणि मासे वर तोंड काढून. लोकांना वाटतं काहीतरी रोग आला. त्यामुळे टबात काही तरंगताना दिसलं तर लगेच काढा आणि एक चतुर्थांश पाणी बदला, नळाचं पाणी क्लोरीनचं असतं, ते थेट नाही ओतायचं, क्लोरीन काढायचे थेंब टाकून घ्या.

कावळ्यासाठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे त्याला त्याचं वेगळं पाणी देणं. टेरेसच्या दुसऱ्या टोकाला मातीचं पसरट भांडं भरून ठेवा, रोज धुवा. तो पाव तिकडे भिजवतो. सीडी, रिबिनी, ते घुबड, ह्यांना कावळा दोन दिवस बिचकतो, तिसऱ्या दिवशी घुबडाच्या डोक्यावर बसतो. प्लास्टिकचा बगळा पण तसाच, म्हणे खऱ्या बगळ्याला वाटतं जागा घेतलेली आहे. अहो, बगळे थव्याने राहतात, एकाच झाडावर डझनभर घरटी करतात, दुसरा बगळा दिसला तर त्याला उलट वाटणार इथे माल आहे.

मांजर, घूस, दिवड

मांजराचं निम्मं काम सरळ भिंत आणि खाली ठेवलेल्या पाण्याच्या पातळीने झालेलं असतं. अजून एक करा, काठाची फरशी किंवा कडप्पा आतल्या बाजूला तीन-चार इंच पुढे काढा, म्हणजे काठावर बसलं तरी पंजा पाण्यापर्यंत वळत नाही आणि माशांना खाली लपायला सावली मिळते. घूस असेल तर ती मुळात माशांसाठी आलेली नसते, सांडलेल्या फिश फूडसाठी येते. पाकीट बाहेर ठेवू नका, बरणीत ठेवा, आणि हौदाजवळ बीळ असेल तर वेळेत बुजवा नाहीतर ताडपत्री किंवा लायनर खालून कुरतडून एका रात्रीत हौद रिकामा.

साप दिसला की सगळी सोसायटी काठ्या घेऊन खाली. बोरिवली, गोरेगाव, मुलुंड, पवई, नॅशनल पार्क आणि आरेच्या आसपासच्या लोकांना हे नवीन नाही, नाल्याजवळच्या कुठल्याही अंगणात पावसाळ्यात दिवड येऊ शकते. पिवळट अंगावर काळ्या चौकटींची नक्षी, डोळ्याखाली काळ्या तिरक्या रेघा. बिनविषारी आहे पण स्वभाव भयंकर तापट, पकडायला गेलात तर चावतेच. बेडूक आणि मासे हे तिचं जेवण, म्हणून ती तुमच्या हौदात आहे, तुमच्या मागे आलेली नाही. आता बिनविषारी आहे म्हणून हात घालायचा नाही, कारण नाग आणि घोणस पण ह्याच शहरात आहेत आणि पाण्यात अर्धा दिसणारा साप ओळखणं आपलं काम नाही. वन विभागाच्या १९२६ ह्या हेल्पलाइनला फोन करा, ते येईपर्यंत लांबून फक्त नजर ठेवा. आणि पुढच्या वेळी येऊ नये म्हणून हौदाशेजारचा विटा-कौलांचा ढिगारा, जुन्या कुंड्या, वाढलेलं गवत साफ करा, तिला लपायला तेच लागतं. जाळीच्या फ्रेमला खालच्या एक फुटात पाव इंची जाळीचा पट्टा लावला तर दिवडच काय, बेडूकही सहजासहजी आत जात नाही.

हे पण ऐका. बगळा, खंड्या, दिवड, घोरपड, सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. गलोल, विष, पिंजरा, गोंदाचा सापळा, काहीही केलंत तर गुन्हा आहे. झाडावर घरटी आहेत म्हणून फांद्या छाटायला माणूस बोलावणं पण नको, मुंबईत झाड छाटायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि पिल्लं असताना तर सेक्रेटरींनी कितीही गाडीवरच्या शिटेची तक्रार केली तरी पावसाळा संपेपर्यंत थांबायचं. काही जण हौदाभोवती डांबर गोळ्या, फिनाइल, रॉकेल शिंपडतात. पहिल्या सरीला ते सगळं वाहून पाण्यात जातं आणि बगळ्याआधी तुम्हीच मासे मारता. करंटची तार तर विचारात पण आणू नका, तिथे पोरं खेळतात.

पाण्याच्या आतला चोर

पावसाळ्यात हौदावर चतुर घिरट्या घालताना दिसतात, छान वाटतं, फोटो काढतो आपण. मादी शेपटीचं टोक पाण्याला टेकवत जाते ती अंडी घालत असते. त्याच्या अळ्या पाण्यात राहतात, मातकट, सहा पायांच्या, तळाच्या गाळात बसतात आणि खालचा जबडा झटक्यात पुढे फेकून माशांची पिल्लं धरतात. मोठ्या गोल्डफिशला काही करत नाहीत, उलट मोठे मासेच त्यांना खातात, आणि ह्या अळ्या डासांच्या अळ्याही फस्त करतात, त्यामुळे औषध वगैरे मारायच्या भानगडीत पडू नका. पिल्लं वाचवायची असतील तर ती वेगळ्या झाकलेल्या टबात वाढवा. तसंही गोल्डफिश स्वतःची पिल्लं खातात, कोईही तेच.

अजून एक आतला चोर आपण पैसे देऊन आणतो. काच साफ करतो म्हणून दुकानदार सकर मासा गळ्यात मारतो, तो हौदात फूटभराचा होतो आणि रात्री सुस्त गोल्डफिशच्या अंगाला चिकटून चामडी खरवडतो. थाई मागूर तर देशात २००० सालापासून बंद आहे, तो जे दिसेल ते खातो, कुणी फुकट देतो म्हणाला तरी नको. हे मासे नको झाले म्हणून पवई तलावात किंवा नाल्यात सोडायचे नाहीत, आपल्या गावठी माशांची वाट लागते. जलपर्णीचं पण तेच, हौदात सावलीला चांगली, पण जास्तीची काढलेली नाल्यात न टाकता वाळवून कचऱ्यात.

लपायला जागा

जाळी असली तरी माशांना लपायला जागा पाहिजेच, भेदरलेला मासा खात नाही आणि आजारी पडतो. चार इंची पीव्हीसी पाइपचे फूट-दीड फुटाचे तुकडे, कडा कानशीने घासून, तळाला आडवे ठेवा. जुनं मंगलोरी कौल दोन विटांवर टेकवून ठेवलं तर त्याखाली सगळी टोळी मावते. एखादी कुंडी आडवी. वरून कमळ किंवा कुमुदाच्या पानांनी निम्मा पृष्ठभाग झाकलेला बरा, त्याहून जास्त नको, हवा आणि उजेड पण लागतो. रंगाचा पण विचार करा. पांढरा आणि केशरी मासा हिरव्या पाण्यात वरून दिव्यासारखा दिसतो, उघडा हौद ठेवणार असाल तर काळे मोली, गडद रंगाचे गप्पी जास्त टिकतात.

जखमी मासा सापडला तर त्याला वेगळ्या टबात काढा, त्याच हौदाचं पाणी, एअर पंप चालू, लिटरला दोन-तीन ग्रॅम खडे मीठ विरघळवून थोडं थोडं करून टाका. मुख्य हौदात मीठ टाकू नका, झाडं मरतात. टब झाकून सावलीत ठेवा आणि दोन दिवस खायला काही देऊ नका. बाकीचे मासे पण आठवडाभर वर येणार नाहीत, त्यांना वर आणायला जास्त खाणं टाकलंत तर ते तळाला कुजेल.

पावसाचं एक राहिलं. अंगणातल्या तळ्याला ओव्हरफ्लो पाइप हवाच आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी, नाहीतर जुलैच्या एका रात्रीत मासे काठावरून वाहत गटारात जातात आणि आपण मांजराला शिव्या देतो. जाळीचं तोंड मोठं ठेवा, पाइपच्या दुप्पट तरी, कारण पानांनी ती चोक होते. सखल भागात असाल तर काठ जमिनीपासून दीड फूट तरी वर घ्या म्हणजे रस्त्यावरचं पाणी आत शिरत नाही.

आणि गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाणार असाल तर शेजाऱ्यांना मासे खायला घालायला सांगू नका, माणसं प्रेमाने अर्धं पाकीट ओततात. जुन्या, शेवाळ धरलेल्या हौदातले मोठे मासे आठवडाभर न खाता आरामात राहतात. फ्रेमला कडी लावा, पाणी नेहमीच्या पातळीला आणून ठेवा, हौदाशेजारी बगळ्याला चढायला मिळेल असं स्टूल, बादली, कुंडी काही ठेवू नका, आणि वॉचमनला एवढंच सांगा की जाळीवर पानं साचली तर झटकायची आणि पंप बंद दिसला तर फोन करायचा.